फिलिपिन्समधली पहिली मिस्सा कुठे झाली? लिहिण्याआधी या चुका टाळा

मिंदानाओ बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, आगुसान नदीच्या मुखाशी मागाल्यानेस नावाचं गाव आहे. तिथे १८७२ साली एक स्मारक उभारलं गेलं. स्पेनच्या ताफ्याचा कप्तान मॅगेलन इथे आला आणि पहिली मिस्सा (कॅथलिक ख्रिस्ती उपासना) इथेच झाली, असं त्यावर कोरलं आहे. तारीख ८ एप्रिल १५२१. आता मॅगेलनच्या ताफ्यातल्या आंतोनियो पिगाफेत्ताचं टिपण उघडा. ७ एप्रिलला, रविवारी दुपारी ताफा सेबूच्या बंदरात शिरलेला आहे. म्हणजे दगडावरची मिस्सा सुरू व्हायची होती, तेव्हा ती अर्पण करणारे फादर दोनशेहून जास्त किलोमीटर दूर सेबूला होते.

दगडावर कोरलेलं खरंच असणार, असं मीही बरीच वर्षं धरून चाललो होतो. या विषयावर मराठीत लिहिताना, शाळेच्या प्रकल्पासाठी किंवा प्रवासलेखात दोन ओळी टाकताना, त्याच पाच-सहा ठिकाणी पाय घसरतो.

तारखा न मांडता जागेवर वाद घालणं

ही सगळ्यात मोठी चूक आणि सुधारायला सगळ्यात सोपी. एका कागदावर उतरवून घ्या. १६ मार्च १५२१ : समार बेट दिसलं. त्यानंतर मुक्काम होमोनहोन बेटावर, २५ मार्चपर्यंत. तिथून पश्चिम-नैर्ऋत्येला. २८ मार्च : माझावा नावाच्या बेटाशी नांगर टाकला. २९ ला गुड फ्रायडे. ३१ मार्चला ईस्टर, आणि फादर पेद्रो दे वाल्देरामा यांनी अर्पण केलेली मिस्सा. ४ एप्रिलला निघाले, ७ ला सेबू. १४ एप्रिलला सेबूचा राजा हुमाबोन याचा बाप्तिस्मा, २७ ला मॅक्टनच्या लढाईत मॅगेलन मारला गेला.

एवढं मांडलं की वादाचा खरा प्रश्न समोर येतो. ताफा माझावावरून उठून मध्येच बुतुआनला (दगडाचं मागाल्यानेस याच भागातलं) जाऊन आला, याला या दिवसांत जागाच नाही. मग उरतं एकच : माझावा म्हणजे कोणती जागा? लेइतेच्या दक्षिणेचं लिमासावा बेट, की बुतुआनजवळचं मासाओ? बुतुआनचे आजचे जाणते अभ्यासकही वाद याच मुद्द्यावर घालतात. ८ एप्रिलच्या दगडावर त्यांचाही भर नसतो.

छापील मजकुराला मूळ समजणं

पिगाफेत्ताच्या हातची मूळ प्रत आज नाही. चार हस्तलिखितं उरली आहेत, एक इटालियन (मिलानची) आणि तीन फ्रेंच. पण सोळाव्या-सतराव्या शतकातल्या वाचकाच्या हाती ती नव्हतीच. त्याच्यापुढे होता रामुझिओच्या प्रवाससंग्रहातला आटोपशीर, भाषांतराचं भाषांतर झालेला मजकूर, आणि त्यात माझावाची कथा बुतुआनच्या नावावर गेली होती. १६६३ साली येशूसंघीय (जेझुइट) फादर फ्रान्सिस्को कोलीन यांनी मिस्सा बुतुआनला नेली. १६६७ साली फादर कोम्बेस यांनी क्रूस उभारल्याचा प्रसंगही तिथेच मांडला. पुढची दोन शतकं लोक या दोघांवरून उतरवत राहिले, आणि १८७२ चा दगड हे त्याच उताऱ्याचं फळ.

१८०० साली आमोरेत्तीने मिलानची प्रत छापली आणि गाडी हळूहळू वळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फादर पास्तेल्स यांनी कोलीनच्याच ग्रंथाची नवी आवृत्ती काढताना तळटीप टाकली की मॅगेलन बुतुआनला गेलाच नाही. १९०६ मध्ये ब्लेअर आणि रॉबर्टसन या अमेरिकनांनी काढलेलं पिगाफेत्ताचं इंग्रजी भाषांतर आलं, त्यात माझावा म्हणजे लिमासावा. त्यामुळे ‘अमेरिकनांनी येऊन बुतुआनचा मान हिरावला’ हे वाक्य चटकदार असलं तरी टिकत नाही. दुरुस्ती एका स्पॅनिश येशूसंघीयानेच केली होती.

राजा बुतुआनचा, म्हणून जागाही बुतुआनची

गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून जरा थांबू या. मिस्सेला दोन राजे हजर होते, कोलांबू आणि सियावी. बुतुआनचं नाव सियावीशी जोडलेलं. आपल्या मुलुखात अंड्याएवढे सोन्याचे गोळे मिळतात, अशी त्याची ख्याती. घाईने वाचलं तर वाटतं, राजा तिथला तर प्रसंगही तिथलाच. पण पिगाफेत्ता पुढे स्वच्छ सांगतो की या राजांना एकमेकांना भेटायचं असलं की ते शिकारीला या बेटावर येत. म्हणजे सियावी इथे पाहुणा होता. पुण्याचा माणूस माथेरानला भेटला म्हणून माथेरान पुण्यात जात नाही.

बुतुआनची थोरवी मात्र खोटी नाही. १००१ साली तिथून चीनच्या सोंग दरबारात दूत गेल्याची नोंद आहे, आणि १९७० च्या दशकात तिथल्या चिखलातून जुन्या लाकडी बालांगाय होड्या निघाल्या. बंदर मोठं होतं, यात शंका नाही. पण पाचशे वर्षं आधीच्या वैभवाने एका रविवारचा ठिकाणा ठरत नाही.

एकच अक्षांश उचलून निकाल देणं

दोन्ही बाजू ही लबाडी करतात, कधी नकळत. आकडे समोर ठेवा. पिगाफेत्ता माझावाला ९ अंश ४० मिनिटांवर ठेवतो. ताफ्याचा नावाडी फ्रान्सिस्को आल्बो ९ अंश २० मिनिटं म्हणतो. जेनोव्हाच्या नावाड्याचं म्हणून जे टिपण आहे, त्यात सरळ ९ अंश. खरं लिमासावा सुमारे ९ अंश ५६ मिनिटांवर आहे आणि बुतुआन शहर ८ अंश ५७ मिनिटांवर. एक मिनिट म्हणजे पावणेदोन किलोमीटरहून थोडं जास्त.

हिशेब करा. पिगाफेत्ता धरला तर लिमासावा तीसेक किलोमीटरने चुकतं, बुतुआन ऐंशीने. आल्बो धरला तर लिमासावा सदुसष्टने आणि बुतुआन त्रेचाळीसने, म्हणजे पारडं उलटतं. जेनोव्हावाला धरला तर बुतुआन जवळजवळ बरोबर आणि लिमासावा शंभराहून जास्त किलोमीटर दूर. हलत्या जहाजावरून सूर्याची उंची मोजून काढलेले हे आकडे. त्यांच्यावर निकाल लावणं म्हणजे वाण्याच्या ढोबळ तराजूवर सोनं तोलणं.

मग काय पाहायचं? वाट. माझावाहून निघाल्यावर पिगाफेत्ता बेटांची रांगच देतो : सेलोन (म्हणजे लेइते), बोहोल, कानिघान, बायबाय, गातिघान. गातिघानला गरुडाएवढी वटवाघळं पाहिली, एक मारून खाल्लं, चव कोंबडीसारखी. पुढे तीन बेटांपाशी थांबून मागे पडलेल्या माझावाच्या राजाची वाट पाहिली, आणि मग सेबू. नकाशावर बोट ठेवून ही वाट मागे चालत या. बोट लेइतेच्या दक्षिण टोकाशी येऊन थांबतं.

‘पहिली’ शब्द मोकाट सोडणं

पहिली कशातली, हे लिहा. होमोनहोनवर ताफा २४ मार्चला होता आणि त्या दिवशी झावळ्यांचा रविवार होता. तिथे मिस्सा झाली असेल असा तर्क काही जण करतात. पिगाफेत्ता त्याबद्दल अक्षर लिहीत नाही. म्हणून ‘नोंद असलेली पहिली’ किंवा ‘१५२१ ची ईस्टरची मिस्सा’ असं लिहिणं सुरक्षित.

दुसरा दावा लुझोन बेटावरच्या बोलिनाओचा. फ्रान्सिस्कन भिक्षू ओदोरिक याने १३२४ च्या सुमारास तिथे मिस्सा केली, असा फलक तिथल्या चर्चपाशी लागला आहे. हा ओदोरिक आपल्याला परका नाही. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन मारले गेले, त्यांच्या सोपाऱ्याला पुरलेल्या अस्थी उकरून चीनला नेणारा तो हाच. त्याच्या प्रवासवर्णनात ठाणं स्पष्ट ओळखता येतं. बोलिनाओचं नाव मात्र कुठेच नाही. इतिहासकारांनी हा दावा मानलेला नाही, तुम्हीही तो ‘दावा’ म्हणूनच लिहा.

आणि मिस्सा झाली म्हणजे लोक ख्रिस्ती झाले, असंही लिहू नका. त्या सकाळी पन्नासेक माणसं चिलखताशिवाय, चांगले कपडे घालून किनाऱ्यावर उतरली. मॅगेलनने दोन्ही राजांच्या अंगावर कस्तुरीचं पाणी शिंपडलं. क्रूसाचं चुंबन घ्यायला राजे इतरांबरोबर पुढे गेले, पण अर्पण मात्र त्यांनी केलं नाही. ख्रिस्तशरीर उंचावलं तेव्हा हात जोडून गुडघ्यांवर होते, आणि त्याच क्षणी जहाजांवरच्या तोफा धडाडल्या. नंतर तलवारीचे खेळ. दुपारी डोंगरमाथ्यावर क्रूस. मॅगेलनचा गुलाम एन्रिके याच्या मलय भाषेतून विचारल्यावर राजांनी सांगितलं की आम्ही कशाची पूजा करत नाही, हात जोडून आकाशाकडे तोंड करतो आणि देवाला ‘अब्बा’ म्हणतो. बाप्तिस्मे दोन आठवड्यांनी, सेबूला. तेही टिकले नाहीत. सलग मिशनकार्य सुरू झालं १५६५ मध्ये स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख लेगास्पी याच्याबरोबर आलेल्या ऑगस्टीनियन धर्मगुरूंपासून. (मांस वर्ज्य असलेल्या गुड फ्रायडेला राजाच्या घरी नाइलाजाने मांस खाल्लं, अशी कबुली पिगाफेत्ता देतो. वसईकर वाचकाला त्याची अडचण वेगळी समजवायला नको.)

कायद्याला पुरावा मानणं, आणि दोन मागाल्यानेस

जून १९६० च्या कायद्याने लिमासावा बेटावरच्या मागाल्यानेस इथली जागा राष्ट्रीय स्मारक ठरली; त्यावर राष्ट्राध्यक्षांची सहीसुद्धा नव्हती, मुदत उलटल्यामुळे तो आपोआप कायदा झाला. संसदेने इतिहास सिद्ध होत नाही, हा बुतुआनवाल्यांचा आक्षेप रास्तच आहे. पण नंतर इतिहास आयोगाने पुन्हा पुन्हा समित्या नेमल्या, निवृत्त न्यायमूर्ती गान्काय्को, बेनितो लेगार्दा आणि शेवटी रेसिल मोहारेस यांच्या अध्यक्षतेखाली. प्रत्येकीने कागद तपासून लिमासावाच धरलं. ‘वाद अजून तसाच लटकलेला’ असं लिहायचं असेल तर हे सांगून मग लिहा.

गावाच्या नावाकडेही लक्ष ठेवा. ८ एप्रिलचा दगड ज्या मागाल्यानेसमध्ये आहे ते आगुसानचं. कायद्यातलं मागाल्यानेस लिमासावाच्या पूर्व किनाऱ्यावरचं. दोन्हींचा फोटो एकाच नावाखाली छापलेला मी पाहिला आहे. आणि २०२० मध्ये जाहीर झालेल्या मोहारेस समितीच्या निष्कर्षाने लिमासावा कायम ठेवताना मिस्सेची जागा बेटाच्या पूर्वेकडून पश्चिमेला, त्रियाना गावाच्या बाजूला सरकवली. तेव्हा लिमासावाला जाणार असाल तर होडीवाल्याला मागाल्यानेस सांगू नका, त्रियाना सांगा.