भंगारवाला नोटा मोजायला लागला, तर नको म्हणा

ब्रिटनमध्ये लंडन, स्लाव, लेस्टर, कुठेही उतरा, पहिल्या वर्षी जुन्या वस्तू घेण्यातच जातं. सोफा, सायकल, जेवणाचं टेबल. ते कुणा शेजाऱ्याकडून किंवा कार बूट सेलमधून (लोक गाडीच्या डिकीतून घरच्या जुन्या वस्तू विकतात तो बाजार) रोखीनं खुशाल घ्या, कायद्याची हरकत नाही. भानगड सुरू होते ती धातूची वस्तू भंगारात काढायची वेळ आली की. एमओटीत, म्हणजे सक्तीच्या वार्षिक तपासणीत, नापास झालेली गाडी, बॉयलर बदलल्यावर निघालेली तांब्याची टाकी, मागच्या भाडेकरूनं परसात टाकून दिलेलं लोखंड.

आपल्याकडे दारात तराजू घेऊन आलेला भंगारवाला खिशातून नोटा काढतो आणि व्यवहार मिटतो. इथे तसं केलं तर तो भंगारवाला गुन्हा करतो. इंग्लंड आणि वेल्समध्ये 3 डिसेंबर 2012 पासून भंगार धातूचे पैसे रोख द्यायला बंदी आली. तेव्हा काही फिरत्या भंगारवाल्यांना सूट होती, तीही 1 ऑक्टोबर 2013 ला नवा कायदा लागू झाल्यावर गेली. स्कॉटलंडनं 1 सप्टेंबर 2016 पासून तेच केलं.

हे एवढं कडक का? तांब्या-शिशाचे भाव चढले आणि चोऱ्यांना ऊत आला. रेल्वेच्या सिग्नलच्या केबल, चर्चच्या छपरावरचं शिसं, काही सोडलं नाही. डिसेंबर 2011 मध्ये दक्षिण लंडनच्या डलिच पार्कमधून शिल्पकार बार्बरा हेपवर्थ यांचं ब्राँझचं मोठं शिल्पच कापून नेलं. चोरीच्या मालाचे रोख पैसे, ना नाव ना गाव. मग चोराला पकडायचं कसं? म्हणून सरकारनं रोखीचीच वाट बंद केली. मला हा उपाय पटतो, पण त्याचा ताप प्रामाणिक माणसालाही होतो, आणि नव्या माणसाला जास्त.

भंगाराच्या यार्डात गेलात की आधी वजनकाटा, मग खिडकी. खिडकीतला माणूस पहिल्यांदा ओळखपत्र मागतो. फोटो आणि सध्याचा पत्ता असलेलं ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स असेल तर काम एका कागदात होतं. नव्या माणसाकडे ते नसतंच. मग ब्रिटिश किंवा युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या देशाचा पासपोर्ट (भारतीय पासपोर्ट कायद्याच्या यादीत नाही), आणि जोडीला गेल्या तीन महिन्यांतलं बँक स्टेटमेंट किंवा गॅस-विजेचं बिल. मोबाइलचं बिल चालत नाही, हे लक्षात ठेवा. तिथे हटकून लोक अडतात. चुकीचं नाव-पत्ता दिलात तर गुन्हा तुमचा. पैसे खात्यात येतात किंवा अकाउंट पेयी चेकनं. ‘पैशांऐवजी चार टायर घेऊन जा’ हेही चालत नाही, वस्तूच्या रूपात दिलं तरी ती बंदी मोडणंच. बँक खातं उघडायच्या आधी गाडी भंगारात काढायच्या फंदात पडूच नका.

गाडीचं आणखी एक. लॉगबुकातला (गाडीच्या नोंदणीच्या कागदातला) भाग भरून किंवा ऑनलाइन डीव्हीएलएला, म्हणजे गाड्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी खात्याला, कळवणं तुमचं काम आहे. नाही कळवलं तर 1,000 पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. कळवलंत की उरलेल्या पूर्ण महिन्यांचा रोड टॅक्स परत येतो. गाडी मोडीत काढणाऱ्या अधिकृत केंद्रातच द्या आणि ती नष्ट केल्याचा दाखला मागून घ्या.

गल्लीत फिरणाऱ्या व्हॅनवाल्याकडे त्या भागातल्या कौन्सिलचा (आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी संस्था) परवाना हवा, आणि तो गाडीवर दिसायला हवा. ‘दादा, कॅश देतो, कागद कशाला’ म्हणणारा आपल्याच भाषेत बोलत असला तरी त्याला वाटेला लावा. फुकट नेतो म्हणाला आणि तुमचा माल कुठेतरी रस्त्याकडेला टाकून दिला, तर कौन्सिलची नोटीस तुमच्या दारात येऊ शकते.

सोन्याबद्दल हमखास विचारलं जातं. सोनं, चांदी आणि ज्यात वजनानं 2 टक्के किंवा जास्त सोनं-चांदी आहे असा मिश्रधातू या कायद्यात भंगार धरत नाहीत. म्हणजे जुन्या पाटल्या विकल्या आणि सराफानं रोख दिले, तर हा कायदा आड येत नाही. तरी मी खात्यातच घ्या म्हणेन. पुढे घर घेताना पैसा कुठून आला हे वकील विचारतो, तेव्हा पावती आणि बँकेतली नोंद हाताशी असते. पितळी समई मात्र यार्डात वजनावर घातलीत, तर ती भंगारच. तिच्यासाठी कार बूट सेल बरा. तिथे घासाघीसही चालते आणि रोखही.