कापडी पॅडचे पंख: बटण लावताना या चुका टाळा

पाळीसाठी कापडी पॅड शिवणाऱ्या बहुतेक जणी बटणाचा विचार सगळ्यात शेवटी करतात. फ्लॅनेलचे थर किती, वरचं कापड सुती की होजिअरी, तळाला पीयूएल (ओल बाहेर न जाऊ देणारं, मागे प्लास्टिकचा पातळ थर असलेलं कापड) लावायचं की नाही, यावर भरपूर खल होतो. मग शिवणाच्या डब्यात जे सापडेल ते पंखांना, म्हणजे निकरखाली दुमडायच्या दोन बाजूंच्या पट्ट्यांना, लावून मोकळ्या. दोन महिन्यांत तक्रारी सुरू: पॅड सरकतं, बटण कापडासकट निघून आलं, तांबूस डाग पडला तो जात नाही.

पॅड अंगावर एका वेळी फार तर चार-सहा तास असतं. त्यानंतर ते बादलीत भिजतं, दगडावर ब्रशने घासलं जातं, कुणाकडे मशीनमध्ये फिरतं, कुणाकडे उकळतं, आणि मग उन्हात वाळतं. म्हणून कुणी विचारलं की कुठलं बटण लावू, तर माझा उलटा प्रश्न असतो, धुणार कसं? हाताने घासून धुणारीचं उत्तर वेगळं, मशीनमध्ये टाकणारीचं वेगळं.

वेल्क्रोचा मोह

वेल्क्रो स्वस्त, मशीनवर सरळ टीप मारून लावता येतो, आणि निकर रुंद असो की अरुंद, हवा तिथे चिकटतो. मोह पडावा असंच सगळं आहे. पण त्याची आकड्यांची बाजू धुताना दिसेल त्या कापडात अडकते. पॅडच्या वरच्या फ्लॅनेलचे धागे ओढते, शेजारच्या ओढणीची वाट लावते, आणि मशीनमधला सगळा कापूस-केस गोळा करून बसते. आकड्यांत कचरा भरला की पकड गेली. शिवाय पंख थोडा जरी तिरका बसला तरी त्या खरखरीत पट्टीची कड मांडीच्या आतल्या बाजूला घासते. ऑफिसच्या किंवा शाळेच्या स्वच्छतागृहात तो उघडतानाचा खर्रर आवाज बऱ्याच मुलींना नको असतो, हेही धरा.

लावलाच असेल तर दर वेळी धुण्याआधी तो स्वतःवरच चिकटवून बंद करा, आणि भरलेला कचरा दाभणाने किंवा जुन्या टूथब्रशने काढा. नव्याने शिवत असाल तर लावू नका, एवढंच म्हणेन.

सेफ्टी पिनबद्दल फार बोलायला नको. टोचते, गंजते, आणि तळाला पीयूएल असेल तर दर वेळी नवं भोक पाडते. ब्लाउजचे हूक-आळी घरात हमखास असतात म्हणून लावले जातात, पण हूक ताण असेल तोवरच अडकून राहतो. उठताना-बसताना पंख सैल पडला की हूक आळीतून सुटलाच.

टिचबटण: आधी चुंबक लावून बघा

हाताने शिवायचं धातूचं टिचबटण मॅचिंग सेंटरमध्ये कार्डावर लावलेलं मिळतं आणि हाताने कपडे धुणाऱ्या घरासाठी ते चांगलं काम देतं. गोंधळ होतो तो धातूचा. कार्डावरची सगळी बटणं सारखीच चकचकीत दिसतात, पण काही पितळेची असतात आणि काही लोखंडाची, वर नुसता मुलामा. ब्रशने घासून मुलामा गेला की लोखंड उघडं पडतं, आणि जाड पंखात बटणाभोवती ओल राहिली की तिथे तांबूस कडं उमटतं. फ्रिजवरचं छोटं चुंबक पर्समध्ये टाकून दुकानात न्या. बटण चुंबकाला घट्ट चिकटलं तर ते ब्लाउजला ठीक, पॅडला नको.

गंजाचा डाग पडलाच तर त्यावर ब्लीच ओतू नका. ब्लीचने रक्ताचा डाग फिकट होतो म्हणून हात तिकडेच जातो, पण गंज त्याने आणखी पक्का बसतो. लिंबाचा रस आणि मीठ लावून पॅड उन्हात ठेवा, मग धुवा. एकदा करून भागलं नाही तर पुन्हा करा.

खोट्या कानातल्यांनी जिचे कान चिघळतात तिला बहुधा निकेल चालत नाही, आणि टिचबटणांच्या मुलाम्यात निकेल असू शकतं. तिच्यासाठी प्लास्टिकचं बटण किंवा काज-बटण घ्या.

शिवताना दोन गोष्टी. टाके फक्त पंखात घ्या, पॅडच्या मधल्या भागाच्या तळातून सुई गेली तर पीयूएलला भोकं पडतात आणि तिथूनच गळतं. आणि चारही छिद्रांमधून एकच लांब दोरा फिरवण्याऐवजी प्रत्येक छिद्राला चार-पाच टाके घालून तिथल्या तिथे गाठ मारा, म्हणजे एका बाजूचा दोरा तुटला तरी बटण लोंबकळणार नाही. वापरून वापरून बटण ढिलं झालं तर त्याचा उंचवट्याचा भाग सपाट दगडावर ठेवून हातोडीने अगदी हलका एक ठोका द्या. टोक किंचित पसरतं आणि पकड परत येते. जोरात ठोकलंत तर मात्र दोन्ही भाग कायमचे घटस्फोटित.

प्लास्टिकचं स्नॅप बटण: खऱ्या चुका इथे होतात

पक्कडीने दाबून बसवायची ही रंगीत बटणं आता ऑनलाइन आणि मोठ्या बाजारात, पुण्यात रविवार पेठेत किंवा मुंबईत भुलेश्वरला, सहज मिळतात. ती गंजत नाहीत, मशीनमध्ये टिकतात, उकळत्या पाण्यालाही दबत नाहीत. मात्र सुती कापडासाठी तापवलेली इस्त्री थेट फिरली तर वितळतात. (उकळण्याचा त्रास बटणाला नाही, पीयूएलला होतो. वारंवार उकळलं की त्याचा थर कापडापासून सुटतो. उकळायचंच असेल तर तळाला पीयूएल न लावता जाड सुती कापड लावा.)

एका जोडीत चार तुकडे असतात: टोक असलेल्या दोन टोप्या, एक उंचवट्याचा तुकडा आणि एक खळग्याचा. दुकानदार त्यांना मेल-फिमेल म्हणतात. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे मेल आणि फिमेल दोन्ही पंखांच्या एकाच बाजूला बसवणं. पॅड टेबलावर पसरलेलं असताना ते अगदी बरोबर दिसतं. निकरखाली पंख दुमडले की लक्षात येतं की दोघांचं तोंड एकाच दिशेला आहे, एकाला दुसऱ्याची पाठच लागते.

हे डोळ्यांनी बघून घ्या. पॅड अंगाकडची बाजू वर करून ठेवा. डावा पंख खाली दुमडला की त्याची वरची बाजू आता जमिनीकडे बघते. उजवा पंख त्याच्यावर येतो तेव्हा त्याची मागची बाजू डाव्याला टेकते. म्हणून डाव्या पंखावर चाप (उंचवट्याचा किंवा खळग्याचा तुकडा) वरच्या बाजूला आणि टोपी मागे, उजव्यावर चाप मागे आणि टोपी वर. पक्कड हातात घेण्याआधी दोन्ही पंखांवर खडूने खूण करून, एकदा खरंच दुमडून पाहा. असं बसवलं की वापरलेलं पॅड वरची बाजू आत घेऊन तीन घड्यांत दुमडून पिशवीत ठेवतानाही तेच बटण लागतं. फक्त या वेळी उजवा पंख आधी आणि डावा त्याच्यावर.

दुसरी चूक कापडाची. होजिअरीच्या एका थरावर बटण लावलं तर दहाव्या-पंधराव्या वेळी ओढताना ते भोक मोठं करून निघून येतं, आणि बदनाम होतं बटण. पंखाच्या दोन थरांमध्ये न ताणणाऱ्या सुती कापडाचा रुपयाएवढा तुकडा घाला. कॉलरचं बक्रम मात्र नको, ते कडक राहतं आणि टोचतं. उलट बाजूने, फार जाडी झाली तरी अडचण. टोपीचं टोक कापडातून वर येऊन पुरेसं उरलं नाही तर ते दाबलं जात नाही. टोक टोचल्यावर दोनेक मिलिमीटर तरी बाहेर दिसायला हवं. भोक कात्रीने कापू नका. दाभणाने पाडलेल्या भोकात धागे बाजूला सरकतात, तुटत नाहीत, म्हणून ते पुढे फाटत जात नाही.

पक्कड दाबल्यावर नीट पाहा. टोक मध्यभागी चपटं, गोल बसलं असेल तर बटण पक्कं. ते एका बाजूला कलंडलं असेल, किंवा टोपी बोटांनी गरगर फिरत असेल, तर ते बटण आज ना उद्या जाणारच. याचं कारण बहुतेक वेळा पक्कडीतला साचा आणि बटणाचं माप यांचा मेळ नसणं. बाजारात जास्त चालणारं माप 20, म्हणजेच टी5, याची टोपी साधारण 12 मिलिमीटरची असते. माप 16 म्हणजे टी3, ते त्याहून लहान. पॅडला 20 नंबर पुरतं. चुकलेलं बटण ओढून काढू नका. नेलकटरने त्या चपट्या टोकाला कडेकडेने कुरतडा, मग दोन्ही तुकडे आपोआप सुटतात आणि त्याच भोकात नवं बसतं.

बटणं बसवायची ती सगळी शिलाई संपल्यावर. आधी बसवली तर कडेची टीप मारताना मशीनचा पाय त्यावर चढतो आणि सुई मोडते.

पॅड सरकतं, फिरतं, गोळा होतं

यात बटणाचा दोष क्वचितच असतो. बटण चुकीच्या अंतरावर असतं. दोन मांड्यांमधली निकरची पट्टी ज्या जागी सगळ्यात अरुंद असते तिथे टेपने मोजा. बहुतेक निकरमध्ये ती 6 ते 7 सेंटिमीटर भरते. पंख दुमडून बंद केले की पॅडची रुंदी तेवढीच व्हायला हवी. म्हणजे पॅड पसरलेलं असताना डाव्या बटणाच्या मध्यापासून उजव्याच्या मध्यापर्यंतचं अंतर त्या मापाच्या दुप्पट, वर जाडीसाठी अर्धा-एक सेंटिमीटर. साडेसहाची पट्टी असेल तर साडेतेरा ते चौदा. बटणापुढे पंखाचं कापड सव्वा-दीड सेंटिमीटर ठेवा, उघडताना धरायला तेवढं लागतं.

अंतर जास्त झालं तर पॅड निकरवर पुढे-मागे हिंडतं. कमी झालं तर मधोमध उभी घडी पडते, आणि गळती नेमकी कडेने होते. एकाच घरात आई आणि मुलगी दोघी वापरणार असतील तर एका पंखावर दोन सेंटिमीटर अंतराने दोन चाप लावा, रुंदीत एक सेंटिमीटरचा फरक मिळतो. दुहेरी चाप खळग्याचाच असू द्या. रिकामा राहिलेला खळगा चपटा असल्यामुळे घासत नाही.

ही मापं धुतलेल्या कापडावरची. कोरं फ्लॅनेल पहिल्याच धुण्यात चांगलंच आटतं, त्यामुळे न धुता शिवलेल्या पॅडचं गणित पहिल्या पाळीतच बिघडतं.

पॅड जागेवर राहतं पण एका बटणाभोवती फिरतं, अशीही तक्रार येते. तिथे पंख बुडाशी अरुंद कापलेला असतो. बुडाशी तो 6-7 सेंटिमीटर तरी रुंद हवा. रात्रीच्या लांब पॅडला प्रत्येक पंखावर एकाखाली एक अशी दोन बटणं लावली की फिरणं थांबतं. आणि तळाला गुळगुळीत पीयूएल उघडं असेल तर त्यावर फ्लॅनेलचा एक थर द्या, निकरच्या कापडाला ते धरून बसतं.

काज-बटण, आणि ज्यांना पंखच नकोत त्या

शर्टाचं साधं चपटं बटण आणि काज याला कुणी फारसं विचारत नाही. मला ते बचत गटाच्या शिवणवर्गासाठी सगळ्यात सोयीचं वाटतं. पक्कड लागत नाही, उकळता येतं, तुटलं तर गावात कुठेही मिळतं. चूक एकच होते, ताणणाऱ्या कापडात काज करणं. ते सैलावतं आणि बटण आपोआप सुटतं. मध्ये सुती तुकडा घाला आणि काज पंखाच्या लांबीच्या दिशेने आडवं घ्या, म्हणजे ताण काजाच्या टोकावर येतो. ज्यांच्या बोटांचे सांधे दुखतात त्यांना स्नॅप उघडायला जड जातं. त्यांच्यासाठी थोडं मोठं बटण आणि काजाऐवजी बारीक इलॅस्टिकचा फास करा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, 2019-21 मध्ये, देशातल्या 15 ते 24 वयाच्या जवळपास निम्म्या मुलींनी कापड वापरत असल्याचं सांगितलं. कापड आपल्याकडे नवं नाही, नवे आहेत ते पंख, आणि पंखांना आधी निकर लागते. साडी-परकर नेसणाऱ्या कितीतरी बायका रोज निकर घालत नाहीत. त्यांच्या हातात पंखांचं सुंदर पॅड ठेवलं तर ते कपाटात जातं. अशा बाईसाठी शिवताना आधी विचारा आणि पॅडच्या पुढच्या-मागच्या टोकांना दोन बोटं रुंद कापडी फास शिवा, त्यातून कमरेचा नाडा ओवायचा. बारीक इलॅस्टिक नको, दिवसभरात त्याचे वळ उठतात. परकराचा सुती नाडा चांगला. गाठ कण्यावर न येता कमरेच्या बाजूला घ्या. नाडा पॅडला शिवून टाकू नका, मोकळा ठेवला की तोच सगळ्या पॅडना चालतो आणि पॅडही लवकर वाळतं.