गरोदरपणात आणि अंगावर पाजताना फ्लूची लस

गरोदरपणात कितवाही महिना असो, फ्लूची लस घेता येते. फक्त ती इंजेक्शनची, म्हणजे मृत विषाणूंची हवी. नाकात फवारायची लस जिवंत पण दुबळ्या केलेल्या विषाणूंची असते. ती गरोदरपणात घेत नाहीत. बाळंतपणानंतर मात्र दोन्ही चालतात.

साथीचा हंगाम सुरू होण्याआधी घ्या, कारण संरक्षण तयार व्हायला साधारण 2 आठवडे लागतात. मागच्या वर्षीची लस यंदा पुरत नाही. विषाणू बदलतो, लसही बदलते.

जाताना सैल बाहीचा कपडा घाला. डोस 0.5 मिली, दंडाच्या वरच्या जाड स्नायूत. हात ताठ धरला की जास्त दुखतं, म्हणून खांदा सैल सोडा. नंतर 15 मिनिटं बसून राहा. चक्कर येते ती बहुधा याच वेळात. आधीच्या फ्लूच्या लसीने तीव्र ॲलर्जी आली असेल, तर सुई टोचण्याआधीच सांगा. साध्या सर्दीसाठी लस पुढे ढकलू नका. चांगलाच ताप असेल तर उतरू द्या.

दंड एक-दोन दिवस ठणकतो, कणकण येते. हा फ्लू नव्हे. ताप आल्यास डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्या, आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका.

सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देता येत नाही. त्याला आईची प्रतिपिंडं वारेतून मिळतात, पुढे थोडी दुधातूनही. लस घेतल्या घेतल्या पाजलं तरी चालतं. दूध काढून टाकायचा सल्ला कुणी दिला, तर ऐकू नका.