पेप्टाइडचा पीआय कसा काढावा

पीआय म्हणजे ज्या सामूला रेणूवरचा एकूण प्रभार शून्य होतो तो सामू. पीकेए म्हणजे ज्या सामूला एखाद्या गटाने निम्म्या रेणूंत आपला प्रोटॉन सोडलेला असतो तो सामू. बाजारातल्या बऱ्याच नोट्समध्ये लिहिलेलं असतं की सगळ्या पीकेएंची सरासरी घ्या. ते पान फाडा. लायसीन या अमिनो आम्लावर करून बघा, त्याचे तीन पीकेए २.१८, ८.९५ आणि १०.५३ यांची सरासरी ७.२२ येते, आणि लायसीनचा पीआय आहे ९.७४.

आपण ग्लुटामिक आम्ल–हिस्टिडीन–लायसीन हे पेप्टाइड, म्हणजे तीन अमिनो आम्लांची साखळी, घेऊ.

१. क्रम लिहा. अमिनो टोक डावीकडे.

२. प्रोटॉन सोडणारे गट शोधा. दोन टोकं आणि साइड चेन (प्रत्येक अमिनो आम्लाची स्वतःची बाजूची शाखा), बस. आतले अमिनो आणि कार्बॉक्सिल गट पेप्टाइड बंधात अडकलेत, ते मोजायचे नाहीत. ग्लुटामीन दिसलं तर ग्लुटामिक आम्ल समजू नका, त्याच्या साइड चेनला प्रभार नसतो.

३. तक्त्यातून पीकेए घेऊन चढत्या क्रमाने मांडा: २.१८ (कार्बॉक्सिल टोक), ४.२५ (ग्लुटामिक), ६.०० (हिस्टिडीन), ९.६७ (अमिनो टोक), १०.५३ (लायसीन).

४. आता शिडी चढा. माझी गाडी इथेच अडायची. ग्लुटामिक ‘आम्ल’ आहे म्हणून मी त्याला सुरुवातीपासूनच ऋण प्रभार देऊन टाकायचो, आणि एम.एस्सी.च्या पहिल्या सत्रात या एका चुकीपायी अख्खं गणित लाल शाईत परत आलं. सामू १ ला प्रत्येक गटाकडे प्रोटॉन असतो. कार्बॉक्सिल तेव्हा शून्य असतो, ऋण नव्हे. अमिनो टोक, हिस्टिडीन आणि लायसीन प्रत्येकी +१. म्हणजे सुरुवात +३ पासून. पुढे एकेक पीकेए ओलांडला की एकेक प्रोटॉन जातो आणि प्रभार एकाने उतरतो: २.१८ नंतर +२, ४.२५ नंतर +१, ६.०० नंतर शून्य, ९.६७ नंतर −१, १०.५३ नंतर −२.

शून्याची पायरी सापडली की तिच्या दोन्ही बाजूंचे पीकेए घ्या, बाकीच्यांकडे बघूही नका. कारण सोपं आहे, पण ते मला कुणी सांगितलं नव्हतं. सामू बरोबर ६.०० असताना निम्म्या रेणूंच्या हिस्टिडीनवर प्रोटॉन असतो, म्हणजे सरासरी प्रभार +½. ९.६७ ला तोच −½. मग शून्य या दोघांच्या मधोमध पडणार. २.१८ वाल्या गटाने आपला प्रोटॉन कधीच सोडलेला असतो, त्याला या वाटाघाटीत मत नाही.

५. (६.०० + ९.६७) ÷ २ = ७.८४. सगळ्यांची सरासरी घेणाऱ्याला ६.५३ मिळालं असतं.

दुसऱ्या दशांशावरून भांडू नका. तक्त्यातले आकडे सुट्या अमिनो आम्लांचे असतात, पेप्टाइडमध्ये टोकांचे पीकेए सरकतात. ग्लायसीनच्या अमिनो गटाचा ९.६० असतो, दोन ग्लायसीन जोडले की तो ८.२ च्या आसपास येतो. परीक्षेत मात्र प्रश्नपत्रिकेतलाच तक्ता वापरा. सिस्टीन आणि टायरोसीन असतील तर त्यांची सुरुवात शून्यापासून, प्रोटॉन गेल्यावर −१.

पीआयला प्रथिनं सहसा सगळ्यात कमी विरघळतात. दुधातलं केसीन ४.६ ला गोळा होतं ते त्यामुळेच. औषधातही हे वापरलंय. मानवी इन्सुलिनचा पीआय ५.४ च्या जवळपास. ग्लार्जिन या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनमध्ये एक अमिनो आम्ल बदलून आणि दोन आर्जिनीन जास्तीचे जोडून तो ६.७ पर्यंत नेलाय. कुपीत सामू ४ असतो, तिथे ते स्वच्छ विरघळलेलं. त्वचेखाली सामू ७.४ कडे गेला की त्याचे बारीक कण जमतात आणि हळूहळू विरघळत राहतात, म्हणून बहुतेकांना दिवसातून एकच टोचणी पुरते. आणि सामू आधीच बदलू नये म्हणून ते दुसऱ्या इन्सुलिनबरोबर एका सिरिंजमध्ये मिसळायचं नसतं.