सिंहगडावरच्या मनोऱ्यापासून सुरुवात: पुण्याच्या दूरदर्शनचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांसाठी

पुण्याच्या दूरदर्शनवर प्रबंध किंवा माहितीपट करायला घेणारे बहुतेक जण पहिल्याच आठवड्यात एका प्रश्नाशी अडतात. पुण्यात दूरदर्शन कधी सुरू झालं? चार माणसं चार सालं सांगतात आणि चौघांचंही थोडं थोडं बरोबर असतं, कारण प्रश्नच अर्धा आहे. काय सुरू झालं ते आधी ठरवायला हवं. गडावरचा प्रक्षेपक, शहरातला स्टुडिओ आणि मराठी वाहिनी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सालं वेगळी, कागद वेगळे आणि ते कागद सांभाळणारी कार्यालयंही वेगळी. वहीत पहिल्या दिवसापासून तीन रकाने आखा. ही सवय लागली नाही, तर पुढचं सगळं टिपण एकमेकांत गुंततं.

दिल्लीत प्रायोगिक प्रक्षेपण १५ सप्टेंबर १९५९ ला सुरू झालं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ चं. पुण्यात १९७३ साली आलं ते सहक्षेपण केंद्र: मुंबईचा कार्यक्रम इथे यायचा आणि सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुन्हा हवेत सोडला जायचा. म्हणजे पुण्याला दिसू लागलं, पण पुण्याला स्वतःचं काही दाखवता येत नव्हतं. पुण्याचे नट, गायक, प्राध्यापक पडद्यावर येत ते मुंबईच्या स्टुडिओत जाऊन. त्यामुळे त्या काळातल्या ‘पुण्याच्या’ कार्यक्रमांच्या नोंदी पुण्यात शोधून हाती काही लागत नाही. त्या मुंबई केंद्राच्या कागदांत असणार. पुण्यात शोधायचा तो प्रक्षेपकाचा आणि प्रेक्षकाचा इतिहास, आणि खरं तर तोच अजून नीट लिहायचा राहिलाय.

तारखांमधला एक सापळा आधीच सांगून ठेवतो. पुणे आकाशवाणीही २ ऑक्टोबरचीच, पण १९५३ सालची. गांधीजयंतीच्या या दोन तारखा आठवणींत सहज एकमेकींत मिसळतात. मुलाखतीत कुणी ‘दोन ऑक्टोबर’ म्हटलं, तर साल आणि माध्यम दोन्ही पुन्हा विचारून घ्या.

दुसरा सापळा कार्यालयाच्या नावाचा. १ एप्रिल १९७६ पर्यंत टीव्ही हा आकाशवाणीचाच भाग होता. त्या दिवशी दूरदर्शन वेगळं झालं. सिंहगडाच्या पहिल्या तीनेक वर्षांचा पत्रव्यवहार त्यामुळे आकाशवाणीच्या नावाने आणि फाइल क्रमांकाने झालेला असतो. माहिती अधिकाराच्या अर्जात फक्त ‘दूरदर्शन’ लिहिलं, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं, आणि ते उत्तर तांत्रिकदृष्ट्या खोटंही नसतं. अर्जात दोन्ही नावं घाला, कालखंड तारखांनिशी द्या आणि ‘सिंहगड’ हा शब्द ठळक येऊ द्या.

हा अर्ज केंद्र सरकारच्या नियमांनी करायचा. आकाशवाणी आणि दूरदर्शन आता ज्या प्रसार भारतीच्या हाताखाली आहेत, ती केंद्राच्या कायद्याने आलेली संस्था आहे. कायदा १९९० चा, संस्था प्रत्यक्ष उभी राहिली नोव्हेंबर १९९७ मध्ये. अनेक जण सवयीने राज्याच्या अर्जाचा नमुना भरून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवतात, आणि अर्ज परत येतो. केंद्राकडे शुल्क दहा रुपयेच आहे, पण ते पोस्टल ऑर्डरने किंवा केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर भरायचं. मजकूर ५०० शब्दांच्या आत ठेवा. झेरॉक्सला पानामागे दोन रुपये पडतात. उत्तराची मुदत ३० दिवस, त्यानंतर पहिल्या अपिलाला आणखी ३० दिवस. ‘का’ने सुरू होणारा प्रश्न विचारू नका. अस्तित्वात असलेला कागदच मागता येतो, कारणमीमांसा नाही. सर्वात कामाची मागणी म्हणजे प्रत्यक्ष पाहणीची: पहिला तास फुकट, पुढे तासाला पाच रुपये. फाइल समोर आली की जे मागायचं सुचलंही नव्हतं ते सापडतं. फाइल नष्ट केल्याचं उत्तर आलं, तर ती कधी आणि कोणत्या आदेशाने नष्ट झाली त्याची नोंद मागा. ती नोंदही इतिहासच आहे.

मागायच्या कागदांत पहिला मान प्रक्षेपकाच्या लॉगबुकला. प्रक्षेपण कधी सुरू झालं, कधी बंद पडलं, वीज गेली तेव्हा जनरेटरवर किती वेळ काढला, बाहेर जाणारी शक्ती किती आणि अँटेनाकडून परत येणारी किती, अशा नोंदी त्यात तासागणिक होत असतात. पावसाळ्यातली पानं सावकाश वाचा. गडावरचं धुकं, वीज, वारा यांनी घराघरांत कोणत्या संध्याकाळी पडद्यावर मुंग्या नाचल्या, ते तिथे कळतं.

वर्तमानपत्रं हा दुसरा मोठा आधार. रोजच्या अंकात त्या दिवशीच्या कार्यक्रमांचा चौकोन असे. सगळे अंक चाळायला जाऊ नका, दमून जाल. दर तिमाहीतला एक पूर्ण आठवडा घ्या, म्हणजे वर्षाला २८ अंक. वेळ, शीर्षक, भाषा, मिनिटं आणि पुण्याचा उल्लेख असल्यास तो, एवढे पाच रकाने पुरतात. पुण्यातल्या जुन्या ग्रंथालयांत बांधीव खंड मिळतात. तिथे एखादा महिना गहाळ असेल, तर मुंबईला टाउन हॉलमधल्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात बघा. ग्रंथ प्रदान कायद्याने वर्तमानपत्रांची प्रत जिथे द्यावी लागते, त्या मोजक्या ग्रंथालयांपैकी ते एक. सत्तरच्या दशकातला कागद बोटांत तुटतो, म्हणून झेरॉक्सचा आग्रह नको. परवानगी घेऊन, फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा.

पण छापलेला कार्यक्रम म्हणजे दिसलेला कार्यक्रम नव्हे. ३१ ऑक्टोबर १९८४ ला सकाळी आलेल्या कुठल्याही वर्तमानपत्रातला चौकोन घ्या. तो छापला तेव्हा इंदिरा गांधी हयात होत्या. संध्याकाळी पडद्यावर काय होतं, ते त्या चौकोनावरून सांगता येत नाही. म्हणून प्रबंधात ‘प्रक्षेपित झाला’ न लिहिता ‘नियोजित होता’ लिहा, दुसरा पुरावा मिळेपर्यंत.

आता प्रेक्षकाकडे येऊ. ‘आमच्या गावाला सिंहगड दिसायचा’, म्हणजे सिंहगडावरून सोडलेलं चित्र टीव्हीवर यायचं, हे वाक्य तुम्हाला शंभरदा ऐकायला मिळेल, आणि ते तपासता येतं. टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. सूत्र सोपं आहे: मनोऱ्याची आसपासच्या मुलखापासूनची उंची (गडाच्या उंचीसकट) मीटरमध्ये घेऊन तिचं वर्गमूळ काढा, घरच्या अँटेनाच्या उंचीचंही काढा, दोन्हींची बेरीज करून तिला ४.१२ ने गुणा. उत्तर किलोमीटरमध्ये येतं. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, पुणे ५६० च्या आसपास. फरक ७४० धरला, तर गडाच्या वाट्याला ११२ किलोमीटर येतात. दहा मीटरच्या काठीवरची अँटेना त्यात १३ ची भर घालते. म्हणजे सपाट मुलखात सव्वाशे किलोमीटरच्या आसपास हद्द संपते. मनोऱ्याची स्वतःची उंची मिळवली तरी त्यात थोड्याच किलोमीटरांची भर पडते.

सोलापूर हवेतून सुमारे २४० किलोमीटर आहे. तिथे रोज सिंहगड दिसत होता असं कुणी म्हणालं, तर ते दुसऱ्या प्रक्षेपकाबद्दल बोलत आहेत. एखाद्या रात्री दिसला असेल, हे मात्र शक्य आहे: हवेचे थर उलटे बसले की लहरी वाकून खूप लांब जातात. ‘रोज’ आणि ‘एकदा’ हे शब्द वेगवेगळे नोंदवा. उलटं उदाहरण साताऱ्याचं. अंतर ऐंशीच्या आसपास, सूत्रात आरामात बसतं. पण सिंहगड ते सातारा अशी नकाशावर पट्टी ठेवा. ती मांढरदेवच्या डोंगरावरून जाते, आणि तो डोंगर सिंहगडाहून उंच आहे. अशा डोंगराच्या सावलीतल्या गावांत काठी कितीही उंच केली तरी चित्र धडपणे येत नाही. प्रत्येक मुलाखतीच्या गावासाठी ही पट्टी ठेवाच. उंचीचा छेद दाखवणारी मोफत साधनं आता सहज मिळतात.

प्रेक्षकांच्या मुलाखती घेताना तपकीर गल्ली विसरू नका. बुधवार पेठेतल्या या गल्लीत जुने दुरुस्तीवाले, अँटेना आणि बूस्टर विकणारे अजून भेटतात. टीव्ही कुठल्या भागात कधी पोचला, हे त्यांना गिऱ्हाइकांवरून आठवतं. साल विचारू नका, वस्तू विचारा. त्या वेळी दुकानात कृष्णधवल सेट जास्त होते की रंगीत? रंगीत प्रक्षेपण १९८२ चं, त्यामुळे उत्तरावरून काळ आपोआप बांधला जातो. घरी टपाल कचेरीचा टीव्ही परवाना जपून ठेवलेला असेल, तर त्यावरची तारीख कुठल्याही आठवणीहून भरवशाची. निवृत्त तंत्रज्ञांनाही हेच लागू. ‘तेव्हा कसं वाटलं’ यापेक्षा ‘पाळी किती वाजता बदलायची, गडावर डिझेल कसं चढवत’ असं विचारलं की माणूस मोकळा बोलतो.

सर्वात जपून करायचं काम टेपांचं. सुरुवातीच्या काळातले फारच थोडे कार्यक्रम उरले, कारण टेप महाग होती आणि एकाच टेपेवर पुन्हा पुन्हा ध्वनिचित्रमुद्रण व्हायचं. म्हणून ऐंशीच्या दशकात घरच्या व्हीसीआरवर केलेलं मुद्रण अमोल आहे. कधी कधी त्या कार्यक्रमाची तेवढीच प्रत उरलेली असते, आणि मध्ये निवेदिका, जाहिराती, ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ची पाटी हेही जिवंत असतं.

अशी टेप हाती आली की लगेच लावू नका. पुण्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या टेपेवर बुरशी हमखास असते. रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली, तर ती टेप वेगळ्या पिशवीत ठेवा. एक बुरसलेली टेप यंत्राचं हेड घाण करते आणि पुढच्या चार टेपांना बुरशी देते. स्टुडिओत वापरली जाणारी पाऊण इंची यूमॅटिक कॅसेट असेल तर खालचं लाल बटण काढून टाका, घरच्या व्हीसीआरची व्हीएचएस कॅसेट असेल तर मागच्या कडेवरचा प्लास्टिकचा छोटा तुकडा तोडा, म्हणजे चुकून वर मुद्रण होणार नाही. लावताना चिकट आवाज येऊन टेप अडखळली, तर ताबडतोब थांबा. टेपेवरचा चुंबकीय थर चिकटवून ठेवणाऱ्या बंधक द्रव्याने ओलावा धरलेला असतो. अशी टेप ठरावीक मंद उष्णतेवर तासन्‌तास सुकवावी लागते, आणि ते काम प्रयोगशाळेचं आहे, स्वयंपाकघरातल्या ओव्हनचं नाही.

डिजिटल प्रत ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि मूळच्या आडव्या दुपदरी रेघांसकट (इंटरलेस्ड) ठेवा. ‘छान दिसावं’ म्हणून रेघा मोडून एकसंध केलेली प्रत कायमची बिघडते. तशी प्रत हवीच असेल तर ती वेगळी काढा. दाब न दिलेल्या (अनकॉम्प्रेस्ड) दहा बिटांच्या चित्राला तासाला १०० जीबीच्या आसपास जागा लागते, चित्रातलं काही न गमावता दाब देणाऱ्या एफएफव्ही१ पद्धतीत साधारण तिच्या निम्म्याहून कमी. दोन हार्ड डिस्क, दोन वेगळ्या घरांत.

पुण्यातल्या संस्थांबद्दल थोडक्यात. फिल्म इन्स्टिट्यूटचा टीव्ही विभाग १९७४ मध्ये दिल्लीहून इथे आला आणि दूरदर्शनच्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण तिथे होई. प्रशिक्षणार्थींच्या पिढ्यांचा धागा तिथून मिळतो. लॉ कॉलेज रस्त्यावरचा राष्ट्रीय चित्रपट संग्रह चित्रपटांचा आहे, टीव्हीच्या टेपांची आशा धरून जाऊ नका. विद्यापीठातल्या शैक्षणिक माध्यम केंद्राचा इतिहास पूर्ण वेगळा. तो ऑगस्ट १९८४ मध्ये सुरू झालेल्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) ‘देशव्यापी वर्ग’ या टीव्हीवरच्या शैक्षणिक कार्यक्रमाशी जोडलेला आहे.

माहितीपटात चित्रफीत वापरायची असेल तर हक्क आधी पाहा. प्रक्षेपणावरचा हक्क पुढल्या वर्षाच्या आरंभापासून २५ वर्षांचा. पण त्यातलं गाणं, संहिता, नाटक यांचे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतात. पहिला संपला म्हणून दुसरा संपत नाही.

टेप परत करताना मालकाला पेन ड्राइव्हवर प्रत द्या, आणि खोक्यावर पेन्सिलीने लिहा: मुद्रणाची तारीख, ती कशावरून ठरवली, कुठल्या घरातल्या कुठल्या अँटेनावर पकडलं, आणि ती अँटेना कुठल्या दिशेला वळवलेली होती.