रोगाची साथ किंवा पूर आला की संस्था हमखास करतात त्या चुका टाळा

मदतीला माणसं कमी पडणं हा कोल्हापूरचा प्रश्न कधीच नव्हता. तालमीची पोरं, तरुण मंडळं, बचत गटाच्या बायका एका हाकेत हजर होतात. २०१९ चा महापूर, २०२० चा कोरोना, मग २०२१ च्या जुलैत कोरोनाची दुसरी लाट ओसरायच्या आतच पुन्हा पूर. प्रत्येक वेळी हेच बघितलं. मी छोट्या संस्थांचे हिशेब आणि रजिस्टरं बघतो. सत्काराचे फोटो काढून झाले की उरलेला पसारा माझ्या टेबलावर येतो, आणि त्यात दरवेळी त्याच चुका असतात.

स्वतःचं काम गुंडाळून ठेवणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि हिच्याबद्दल कुणी बोलत नाही.

जिल्ह्यातली एक संस्था क्षयरोग्यांच्या घरी जाऊन गोळ्या वेळेवर चालू आहेत ना, हे बघायची. काम कंटाळवाणं, पण चोख. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागला आणि अध्यक्षांनी सगळी माणसं धान्याच्या किटवर लावली. त्याच गल्ल्यांत आधीच दोन-तीन मंडळं किट वाटत होती. काही घरांत तेलाच्या पिशव्या ठेवायला जागा नव्हती.

यादीतला एक रोगी इचलकरंजीत यंत्रमागावर कामाला होता. माग बंद पडले तसा तो गावी गेला. थोड्या दिवसांत गोळ्या संपल्या. गावात खोकतोय म्हटल्यावर लोक कोरोना समजून घराकडं फिरकणार नाहीत, या भीतीनं तो उपकेंद्रात गेलाच नाही. संस्थेतल्या एका ताईंचा नंबर त्याच्याकडं होता. त्या तेव्हा हॉलमध्ये डाळीची पाकिटं मोजत होत्या आणि फोन पिशवीत होता. पावसाळ्यात कुणीतरी जुनी यादी उघडली, तेव्हा तो पुन्हा आजारी होता, आणि आता नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारा क्षय निघाला. सहा महिन्यांत संपणारं औषध किती लांबलं आणि त्यात त्या घराचं काय झालं, ते इथं लिहीत बसत नाही.

हा एकट्याचा किस्सा नाही. देशात २०१९ मध्ये सुमारे २४ लाख क्षयरुग्णांची नोंद झाली होती, २०२० मध्ये ती १८ लाखांच्या आसपास आली. रोग कमी झाला नव्हता. शोधणारी यंत्रणा कोरोनाकडं वळली होती आणि रोगी घरात अडकले होते.

माझी सवय अशी: संकटाची पहिली बैठक सुरू झाली की वही उघडून एकच प्रश्न विचारतो. आपलं कुठलं काम पंधरा दिवस थांबलं तर माणूस बिघडेल? क्षय, एचआयव्ही, डायलिसिस, साखर, मनोरुग्णांच्या गोळ्या, दिवस भरत आलेल्या बायका. ही कामं करणारी माणसं हलवायची नाहीत, अध्यक्ष कितीही चिडले तरी. कामाची पद्धत मात्र बदलायची. घरभेटीऐवजी फोन, आठवड्याऐवजी महिन्याच्या गोळ्या एकदम. रोगी गावी गेला तर तालुक्याच्या क्षयरोग कर्मचाऱ्याला गाठून नि-क्षय पोर्टलवर (क्षयरुग्णांची सरकारी ऑनलाइन नोंदवही) त्याची नोंद तिकडं वळवून घ्यायची.

फोनवर ‘गोळ्या घेतल्या का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. पाकीट हातात घ्यायला लावा आणि ‘किती उरल्या, मोजून सांगा’ म्हणा. बोलण्यातली थाप मोजताना उघडी पडते.

यंत्र आधी, रजिस्टर मग

२०२१ च्या उन्हाळ्यात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर देणाऱ्यांची रांग लागली होती. एका मंडळाला कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या निधीतून) बरीच यंत्रं मिळाली. नोंद ठेवा म्हटल्यावर कार्यकर्ता माझ्यावरच उखडला, ‘अहो, माणूस गुदमरतोय आणि तुम्ही सही मागताय?’ सही घ्यायला अर्धा मिनिट लागतो. दिवाळीपर्यंत निम्मी यंत्रं कुठं आहेत, हे कुणालाच सांगता येईना. एक पाहुण्यांच्या माळ्यावर सापडलं, पावसाळाभर बंद. या यंत्रात हवेतला नायट्रोजन शोषणारे खडे असतात आणि ओल लागली की ते निकामी होत जातात. यंत्र आवाज तसाच करतं, बाहेर येणारा ऑक्सिजन मात्र ९३ टक्क्यांच्या आसपास हवा तो राहत नाही.

प्रत्येक यंत्रावर पेंटनं नंबर, रजिस्टरात दोन फोन नंबर, त्यातला एक शेजाऱ्याचा. डिपॉझिट मी घेतोच, गरिबाकडून शंभर का असेना, कारण ते परत घ्यायला माणूस येतो आणि येताना यंत्र आणतो. परत आलेलं यंत्र महिन्यातून एकदा चालवून बघायचं, जाळी धुवायची. आणि देताना स्पष्ट सांगायचं की मिनिटाला पाच लिटरचं यंत्र म्हणजे दवाखाना नव्हे. बोटावरच्या ऑक्सिमीटरचा आकडा ९४ च्या खाली घसरत चालला तर घरी बसून राहू नका.

बाकीच्या, पटापट

जुने कपडे: नको. पूरग्रस्ताला तुमचा फाटका शर्ट नको असतो.

पूर ओसरल्यावर लेप्टोच्या (घाण पाण्यातून होणारा ताप) भीतीनं डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या मुठीनं वाटणं: गरोदर बायका आणि लहान मुलांना ती गोळी अशी द्यायची नसते. आरोग्य केंद्राचे डॉक्टर किंवा आशाताई बरोबर नसतील तर हात लावू नका.

टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची क्लोरीनची पावडर, अंदाजानं टाकणं: पुरात उपसा केंद्रं पाण्याखाली जातात, शहरात टँकर फिरू लागतात आणि उत्साही पोरं त्यात ओंजळभर पावडर टाकतात. स्वच्छ पाण्याला हजार लिटरमागं अडीच ग्रॅम पुरते, गढूळ पाण्याला जास्त लागते. उघडं पडलेलं पोतं तर कामाचंच नसतं. गावात हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडं सोपवा आणि अर्ध्या-एक तासानं पाण्यात क्लोरीन उरलंय का, हे बघणारी ओटी चाचणी करायला लावा.

परदेशातला पैसा घाईनं घेणं: भाचा अमेरिकेतून पैसे पाठवतो म्हणाला की आधी त्याचा पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्टवाल्यानं स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी चालते. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) परवानगीशिवाय एक डॉलर घ्यायचा नाही. मोठी संस्था तिच्या परदेशी निधीतून आपल्याला देईल, ही आशाही सोडा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर तसं देता येत नाही.

‘शंभर टक्के पैसा थेट गरजूंना’ अशी जाहिरात: ही वाचली की माझं डोकं फिरतं. मग टेम्पोचं डिझेल कोण भरतं? फोनवर दिवसभर गोळ्या मोजून घेणाऱ्या ताईंचं मानधन? शून्य खर्च म्हणणाऱ्या संस्थेत तो खर्च कुणाच्या तरी खिशातून जातो, नाहीतर भलत्याच खात्यात लपवला जातो. मी पावतीवरच छापून घेतो की यातला काही भाग प्रवास, मानधन आणि साठवणीवर जाईल. त्यावरून अजून कुणी देणगी परत मागितलेली नाही. लोक विचारतात ते ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर वजावट, मिळेल का, एवढंच. तिथं मात्र पैसे हातात घेण्याआधी सांगा की दोन हजारांवर रोख दिले तर वजावट मिळत नाही, नाहीतर मार्चमध्ये भांडायला दारात येतात.