आईवडिलांना दुबई मॉल दाखवायचा असेल तर दिवस कसा आखावा

दुबईत राहणाऱ्या मराठी घरांत नोव्हेंबर ते मार्च हा पाहुण्यांचा हंगाम असतो आणि भारतातून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत दुबई मॉल असतोच. आईवडील, सासूसासरे, आत्या, मावशी अशा अनेकांना मी आजवर तिथे घेऊन गेले आहे. पहिल्या खेपेला मात्र मी मोठी चूक केली होती. सकाळी अकराला आत शिरून रात्री नऊपर्यंत मी वडिलांना एकेक दालन दाखवत फिरवले. शेवटी बाहेरचे कारंजे सुरू झाले तेव्हा त्यांना उभे राहवत नव्हते, आणि ज्यासाठी आलो होतो तेच त्यांनी खाली बसून, लोकांच्या पाठींच्या फटीतून, कसेबसे पाहिले. त्या दिवशी जे उमगले ते सुरुवातीलाच सांगते. हा मॉल ‘पूर्ण पाहायचा’ नसतो. त्यातल्या दोन-तीन गोष्टी निवडून, पायांची ताकद संध्याकाळसाठी राखून, दिवस उलट्या बाजूने, म्हणजे कारंज्यापासून मागे मोजत आखायचा असतो.

आकाराची कल्पना आधी करून घ्यावी. एमार या बांधकाम कंपनीने ४ नोव्हेंबर २००८ रोजी हा मॉल खुला केला. त्याचे एकूण क्षेत्रफळ सुमारे ११ लाख चौरस मीटर असून आत १,२०० हून अधिक दुकाने आहेत, आणि एमारच्याच आकड्यानुसार २०२३ साली इथे साडेदहा कोटी लोक येऊन गेले. पुण्या-मुंबईतला मोठ्यात मोठा मॉल डोळ्यांसमोर ठेवून आलेल्या माणसाला इथली अंतरे सहसा लक्षात येत नाहीत. नकाशावर शेजारी दिसणाऱ्या दोन जागांमध्ये ज्येष्ठांच्या चालीने पंधरा-वीस मिनिटे सहज जातात. त्यामुळे निघण्याआधी घरीच बसून पाहुण्यांना विचारावे, की मासे पाहायचे आहेत, बुर्ज खलिफावर जायचे आहे, मुलांना बर्फावर खेळायचे आहे की खरेदी करायची आहे. यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी आणि शेवटी कारंजे, एवढ्यात दिवस भरतो. तिसरी जोडायची असेल तर ती बसून करण्यासारखी असावी.

वार आणि वेळ निवडताना लक्षात ठेवावे, की २०२२ पासून इथे शनिवार-रविवार ही साप्ताहिक सुटी असते आणि शुक्रवारी अर्धा दिवस काम चालते. साहजिकच शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र या काळात गर्दी सर्वाधिक असते. सोमवार ते गुरुवार यांपैकी एखादी दुपार उत्तम. मॉल सकाळी दहाला उघडत असला तरी पाहुण्यांना त्या वेळी तिथे नेण्यात काही अर्थ नाही. घरी जेवून, थोडी वामकुक्षी घेऊन तीनच्या सुमारास पोहोचणारी मंडळी रात्री नऊला ताजी असतात. ३१ डिसेंबरची तारीख मात्र पूर्णपणे टाळावी, कारण त्या दिवशी नववर्षाच्या आतषबाजीमुळे आसपासचे रस्ते टप्प्याटप्प्याने बंद होतात आणि जवळचे मेट्रो स्थानकही संध्याकाळीच बंद केले जाते. वृद्ध माणसाला घेऊन त्या गर्दीत अडकणे धोक्याचे आहे.

जायचे कसे, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा महत्त्वाचा आहे. मेट्रोच्या रेड लाइनवर ‘बुर्ज खलिफा/दुबई मॉल’ नावाचे स्थानक आहे, आणि बुर्जुमान स्थानकाकडून किंवा विमानतळाकडून येणाऱ्यांना तिथे गाडी न बदलता उतरता येते. पण स्थानकावर उतरलो म्हणजे मॉलमध्ये पोहोचलो असे होत नाही. दोन्हींना जोडणारा काचेचा वातानुकूलित पूल सुमारे ८२० मीटर लांब आहे. त्यावर सरकत्या वाटा आहेत, तरी मधले तुकडे चालावेच लागतात, आणि परतताना तेवढेच अंतर थकलेल्या पायांनी पुन्हा कापायचे असते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी जाताना टॅक्सी करावी आणि चालकाला मत्स्यालयाच्या जवळच्या प्रवेशद्वाराशी सोडायला सांगावे. धडधाकट मंडळींनी मात्र मेट्रोनेच जावे, कारण उंच खांबांवरून जाणाऱ्या त्या विनाचालक गाडीच्या अगदी पुढच्या खिडकीतून शहर पाहण्याचा आनंद वेगळा आहे. मेट्रोत खाणे-पिणे, अगदी च्युइंगगम चघळणेही मना आहे आणि त्यासाठी दंड होतो. मुलांच्या हातातला बिस्किटाचा पुडा फाटकातून आत शिरण्यापूर्वीच पिशवीत गेलेला बरा.

कपड्यांबद्दल पाहुण्यांच्या मनात उगाच धास्ती असते. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत एवढीच अपेक्षा असते, आणि साडी, पंजाबी ड्रेस, सदरा-पायजमा यांत कसलीही अडचण येत नाही. खरी काळजी थंडीची घ्यावी. बाहेर चाळीस अंशांच्या वर पारा असतानाही आत इतके गार असते, की दोन तासांनी आजीला शाल लागते. शाल आणि मोजे पिशवीत असू द्यावेत आणि पायांत रोजच्या सवयीचे, सैलसर बूट असावेत. नव्या चपला या दिवशी घालू नयेत. चालणे अगदीच कठीण असेल तर मॉलच्या माहिती केंद्रावर चाकांची खुर्ची मिळते. बरेच ज्येष्ठ आधी संकोचाने नाही म्हणतात. तेव्हा ‘तुम्ही आजारी आहात म्हणून नव्हे, संध्याकाळी कारंजे उभे राहून पाहता यावे म्हणून’ असे समजावले, की ऐकतात.

आत आल्यावर सर्वांत आधी चुकामूक झाली तर कुठे भेटायचे ते ठरवावे. मी नेहमी मत्स्यालयाची काच किंवा मॉलमधला धबधबा सांगते, कारण दुकानांची नावे ज्येष्ठांच्या लक्षात राहत नाहीत, पण ‘ती सूर मारणारी माणसे आहेत ना, तिथे’ हे कायम लक्षात राहते. चार मजले उंचीच्या या धबधब्यावर, सुमारे २४ मीटर पाण्याच्या पडद्यासमोर, हात पसरून डोके खाली करून झेपावणाऱ्या पुरुषांच्या मूर्ती बसवलेल्या आहेत. मोत्यांसाठी समुद्रतळाशी बुड्या मारणाऱ्या इथल्या पाणबुड्यांची ती आठवण आहे. तेल सापडण्यापूर्वी या किनाऱ्याचे पोट मोत्यांवर चालत असे आणि आखातातल्या त्या मोत्यांची मोठी बाजारपेठ आपली मुंबई होती, हे सांगितले की वडीलधाऱ्या मंडळींना त्या मूर्ती परक्या वाटत नाहीत. शेजारच्या बाकावर दहा मिनिटे बसवून हे सांगावे, विश्रांतीही होते.

मत्स्यालयाबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. मुख्य टाकीची दर्शनी काच तिकीट न काढताही, मॉलच्या मोकळ्या जागेतून मनसोक्त पाहता येते. टाकीत एक कोटी लिटर पाणी आहे. ती ५१ मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ११ मीटर उंच आहे. आपण जिला काच म्हणतो ते अ‍ॅक्रिलिकचे एकसंध तावदान असून त्याची रुंदी ३२.८८ मीटर, उंची ८.३ मीटर आणि जाडी ७५ सेंटीमीटर आहे. एवढी जाडी हवी, कारण पलीकडच्या पाण्याचा सगळा दाब त्या एका तावदानाने पेलायचा असतो. लोक समोर येतात, मोबाइल उंचावतात आणि दोन मिनिटांत पुढे जातात. तसे करू नये. तावदानाच्या एका कडेला, तळापाशी उभे राहून वाट पाहावी. थोड्याच वेळात एखादा पाकट मासा काचेला पोट चिकटवून वर सरकू लागतो. त्याच्या पांढऱ्या पोटावरची तोंडाची चीर आणि तिच्या खाली श्वासाबरोबर उघडमीट करणाऱ्या कल्ल्यांच्या पाच-पाच फटी हाताच्या अंतरावरून दिसतात. माझी सासू रत्नागिरीची. पाकटाची आमटी तिने जन्मभर केली, पण तो पाण्यात पंख हलवत पोहताना तिने पहिल्यांदा इथे पाहिला आणि पाऊण तास ती तिथून हलली नाही. तिकीट काढायचेच असेल तर ते टाकीखालून जाणाऱ्या ४८ मीटर लांब बोगद्यासाठी काढावे. डोक्यावरून सँड टायगर शार्क जातात तेव्हा मुलांना त्यांचे दात मोजता येतात. नातवंडे सोबत नसतील आणि पैसे जपून वापरायचे असतील, तर बाहेरची काच माझ्या मते पुरेशी आहे.

मुले सोबत असतील तर ऑलिंपिक मापाचे बर्फाचे मैदान आणि किडझानिया ही मुलांची नगरी, यांपैकी एकच निवडावे. किडझानियात मुले अग्निशामक, डॉक्टर, वैमानिक अशी कामे करून तिथलेच खोटे चलन कमावतात आणि त्यात तीन-चार तास जातात, म्हणून तो दिवस वेगळा ठेवलेला चांगला. बर्फावर उतरायचे असेल तर जाड मोजे घरूनच न्यावेत.

बुर्ज खलिफावर जाण्याचे प्रवेशद्वार मॉलच्याच तळमजल्याखालच्या पातळीवर आहे, हे नवख्यांना ठाऊक नसल्याने ते बाहेर पडून इमारतीभोवती फिरत बसतात. ८२८ मीटर उंच आणि ४ जानेवारी २०१० रोजी खुल्या झालेल्या या इमारतीच्या १२४ व्या मजल्यावर, म्हणजे ४५२ मीटर उंचीवर, सर्वसाधारण तिकीट आपल्याला नेते. १४८ व्या मजल्याचे तिकीट बरेच महाग असते. तिकीट काही दिवस आधी इंटरनेटवरून काढावे आणि वेळ विचारपूर्वक निवडावी. सूर्यास्ताच्या आसपासच्या वेळेला जास्त पैसे पडतात. पण डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि जूनमध्ये सात वाजून गेल्यावर, म्हणून हिवाळ्यात चार-सव्वाचारचे तिकीट काढले, तर रांग, सुरक्षा तपासणी आणि लिफ्ट यांत जाणारा वेळ धरूनही वरून उजेडातले वाळवंट आणि नंतर दिव्यांचे शहर, अशी दोन्ही दृश्ये एकाच तिकिटात पदरात पडण्याची शक्यता असते. हवेत धूळ असेल तर क्षितिज दिसत नाही, तेव्हा आदल्या दिवशी हवामान पाहावे. ज्यांना उंचीची भीती आहे त्यांना आग्रह करू नये.

खरेदीबाबत दोन गोष्टी नीट समजून घ्याव्यात, कारण इथे चुकले तर नुकसान होते. पहिली मूल्यवर्धित कराची. १ जानेवारी २०१८ पासून संयुक्त अरब अमिरातींत बहुतेक वस्तूंवर ५ टक्के कर लागतो. पर्यटकाने योजनेत सहभागी असलेल्या दुकानात किमान २५० दिरहमची खरेदी केली, तर काही शुल्क कापून तो कर परत मिळतो. मात्र ही सवलत इथल्या रहिवाशांना नाही. यजमान मुलगा प्रेमाने पुढे होऊन स्वतःच्या नावावर बिल करतो आणि परताव्याचा हक्क तिथेच संपतो. म्हणून बिल पाहुण्यांच्या पारपत्रावर करायला सांगावे, पारपत्र सोबत ठेवावे, आणि विमानतळावर सामान विमान कंपनीच्या ताब्यात देण्यापूर्वी परताव्याच्या यंत्रावर नोंद करावी. वस्तू दाखवायला सांगितल्या जाऊ शकतात, म्हणून त्या बॅगेच्या तळाशी कोंबू नयेत. दुसरी गोष्ट सोन्याची. वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्या भारतीयांना दागिन्यांवर सीमाशुल्कात जी सवलत मिळते, ती आठवड्याभरासाठी आलेल्या पर्यटकाला मिळत नाही. ‘दुबईचे सोने स्वस्त’ या समजुतीवर बांगड्या घेण्यापूर्वी घडणावळ, इथला कर आणि मुंबईत भरावे लागणारे शुल्क अशी तिन्हींची बेरीज कागदावर करावी. केवळ पाहायचेच असेल तर देरा भागातला जुना सोनेबाजार अधिक रंजक आहे.

साडेसहा-सातच्या दरम्यान सर्वांना दुसऱ्या मजल्यावरच्या खाद्यदालनात नेऊन बसवावे. शाकाहारी पदार्थ सहज मिळतात. तरी मांसाहारी आणि शाकाहारी पदार्थांचे तवे वेगळे आहेत का, हे ज्यांना आवश्यक वाटते त्यांनी मागवण्याआधी विचारावे. साधे वरण-भाताचे जेवण हवे असेल, तर ते परतताना करामा किंवा बर दुबई या वस्त्यांत मिळेल, इथे फक्त आधार म्हणून खावे. या बैठकीचा खरा उपयोग पायांना अर्धा-पाऊण तास विसावा देणे हा आहे.

त्यानंतर कारंजे. बुर्ज खलिफाच्या पायथ्याच्या बारा हेक्टरांच्या तलावात २००९ साली सुरू झालेले हे कारंजे संध्याकाळी दर अर्ध्या तासाने संगीतावर नाचते आणि त्याची एक खेप जेमतेम चार-पाच मिनिटांची असते. म्हणून खेप सुरू झाल्यावर धावत बाहेर जाण्यात अर्थ नाही. एक खेप संपताच लोक पांगतात; नेमक्या त्याच वेळी बाहेर पडून तलावाच्या कठड्याला लागून जागा धरावी आणि पुढच्या खेपेपर्यंत तिथेच थांबावे. मॉल आणि शेजारचे सूक अल बहार हे बाजारसंकुल यांना जोडणाऱ्या पुलावरूनही छान दिसते, पण तिथे रेटारेटी होते, म्हणून ज्येष्ठांना कठड्यापाशीच ठेवावे. उन्हाळ्यात गार मॉलमधून दमट हवेत पाऊल टाकताच चष्म्याची आणि कॅमेऱ्याची भिंगे एकदम धुकटतात. ती लगेच पुसली तर पुन्हा बाष्प धरतात. पाच मिनिटे तशीच राहू द्यावीत, ती आपोआप स्वच्छ होतात. हिवाळ्यात तलावावरून वारा येतो, तेव्हा शाल पुन्हा बाहेर काढावी. छायाचित्रे घेताना शेजारच्या अनोळखी स्त्रिया चौकटीत येणार नाहीत याची काळजी घ्यावी, कारण परवानगीशिवाय कोणाचे छायाचित्र काढणे इथे गुन्हा ठरू शकतो. आणि पहिली खेप तरी मोबाइल खिशात ठेवून पाहावी. शंभर मीटरांहून उंच उडालेले पाणी खाली कोसळते तेव्हा तोफेसारखा जो आवाज छातीत जाणवतो, तो चित्रफितीत येत नाही.

शक्यतो दोन खेपा पाहाव्यात आणि तिसरी सुरू होण्याच्या पाच मिनिटे आधी परत फिरावे. तिसरी संपली की सगळी गर्दी एकदम टॅक्सीच्या रांगेकडे आणि मेट्रोच्या पुलाकडे वळते, आणि त्याआधी निघालेल्यांना सरकत्या वाटेवर कठडा धरून निवांत उभे राहता येते.